गरिबाच्या बँकेची बंद खिडकी

करोनाने कुणाकुणाचं किती नुकसान केलं, याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. हॉटेलवाले, रिक्षावाले, लग्नाचे मांडव घालणारे, शाळेच्या बसचे चालक, बँडवाले, कितीतरी जण. या यादीत शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांचं नाव मात्र क्वचितच आलं. मी तो धंदा त्या दिवसांत घराच्या फाटकातून पाहिला, आणि त्याआधी तीस वर्षं बँकेच्या टेबलामागून पाहिला होता. म्हणून या अंकासाठी काहीतरी लिहा असं सांगणं आलं, तेव्हा मी हाच विषय घेतला. मटण न खाणाऱ्या वाचकांनीही पुढे वाचावं, ही विनंती. हा विषय ताटातल्या रश्श्याचा कमी आणि घरातल्या पैशांचा जास्त आहे.

आम्ही ग्वाल्हेरला हरिशंकरपुरममध्ये राहतो. आलो तेव्हा आजूबाजूला मोकळे प्लॉट बरेच होते. आता बंगले झाले, त्यांचे फ्लॅट झाले, गल्लीत गाड्या लावायला जागा नाही. तरीही सकाळी नऊच्या सुमारास उरल्यासुरल्या प्लॉटांवर सात-आठ बकऱ्या चरताना दिसतात. (आम्ही ग्वाल्हेरचे मराठी लोक शेळीला सरळ बकरीच म्हणतो, पुण्याच्या पाहुण्यांना त्याची गंमत वाटते.) त्यांच्यामागे काठी घेऊन एक म्हातारी असते. सगळी कॉलनी तिला 'अम्मा' म्हणते, ती मला 'जिज्जी' म्हणते. अम्मा बघेल समाजाची. आपल्याकडे धनगर, तसे इकडे पाल, बघेल, गडरिया. ३१ मेला अहिल्याबाई होळकरांची जयंती ही मंडळी थाटात करतात, त्यामुळे मी मराठी आहे याचं अम्माला विशेष कौतुक.

माझी नोकरी बँकेतली. ऐंशीच्या दशकात 'आयआरडीपी' नावाची सरकारी योजना होती. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला बँकेचं कर्ज आणि सरकारचं अनुदान मिळून एखादं उत्पन्नाचं साधन द्यायचं, अशी ती कल्पना. कुणी म्हैस घ्यायचं, कुणी शिवणयंत्र, कुणी बकऱ्या. बकऱ्यांच्या कर्जाची प्रकरणं माझ्या टेबलावर ढिगाने असत. त्या वेळी आमचे एक साहेब म्हणायचे, "बकरी म्हणजे गरिबाची बँक." हे वाक्य पुढे मी अनेक भाषणांत ऐकलं. पण त्या बँकेचा कारभार नेमका कसा चालतो, हे मला २०२० सालीच नीट समजलं, कारण त्या वर्षी तिची खिडकी बंद झाली.

बकरीच्या बँकेचा कारभार

आधी थोडी माहिती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेप्रमाणे देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या आणि ७ कोटी ४३ लाख मेंढ्या होत्या. शेळ्यांमध्ये राजस्थान पहिला, दोन कोटींहून अधिक. आपल्या मध्य प्रदेशात सुमारे १ कोटी १० लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख. म्हणजे आपलं माहेर आणि सासर या बाबतीत जवळपास बरोबरीत आहेत!

शेळी साधारण पाच महिन्यांत विते, बहुतेक वेळा दोन करडं देते. नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं होतात. ती बाभळीच्या शेंगा खाते, बोरीचा पाला खाते, निंब-पिंपळाच्या फांद्या खाते. गाय-म्हशीसारखा पेंडीचा मोठा खर्च नसतो. पाटी, म्हणजे मादी करडं, घरात ठेवायची. बोकड वाढवून विकायचे. मुलीची फी, औषधपाणी, बियाणं, घराचं छप्पर, अशी गरज आली की एक बोकड विकला जातो. यासाठी अर्ज नाही, जामीनदार नाही, आधारचा अंगठा नाही. आणि मुख्य म्हणजे ही मालमत्ता पुष्कळ घरांत बाईची असते. जमीन नवऱ्याच्या नावावर, पण बकऱ्या तिच्या. बोकड विकल्याचे पैसे तिच्या पदराला बांधलेले असतात.

पण या बँकेत आणि माझ्या बँकेत एक मोठा फरक आहे. माझ्याकडे ठेवलेली मुदत ठेव कपाटात स्वस्थ पडून राहते. बोकड ही ठेव रोज खाते. ती वेळेवर मोडता आली नाही, तर तिचं व्याज उलटं फिरायला लागतं. आणि ती मोडण्याची खिडकी एकच: बाजार. आठवड्याचा हाट, दारावर येणारा व्यापारी, आणि वर्षातून एकदा बकरी ईद.

पहिली लाट बाजारावर आली

२४ मार्च २०२० च्या रात्री घोषणा झाली आणि २५ पासून सगळा देश थांबला. त्याआधी महिनाभर एक अफवा फिरतच होती, की कोंबडी खाल्ल्याने करोना होतो. त्याला काहीही आधार नव्हता. तरी कोंबडीचे भाव इतके कोसळले, की पोल्ट्रीवाल्यांना पक्षी सांभाळणं परवडेना. महाराष्ट्रात काहींनी पिल्लं पुरून टाकली, काहींनी कोंबड्या फुकट वाटल्या. ज्यांना परवडत होतं ते गिऱ्हाईक मटणाकडे वळलं. पुढे टाळेबंदीत जनावरांची वाहतूक अडली, शहरांत माल कमी आला, आणि मटणाचा भाव वाढत गेला. अनेक शहरांत तो किलोला ७०० ते ८०० रुपयांवर पोहोचला.

हे वाचून वाटेल, की मग बकरीवाल्यांची चांदी झाली असेल. झालं उलटंच. आठवड्याचे हाट बंद होते. पुणे जिल्ह्यातलं चाकण, साताऱ्याचं लोणंद, सांगलीचं आटपाडी हे महाराष्ट्रातले शेळ्या-मेंढ्यांचे नावाजलेले बाजार, तेही ओस पडले. आपल्याकडचे तालुक्याचे हाटही तसेच. व्यापाऱ्याला जिल्ह्याची हद्द ओलांडता येत नव्हती. ज्याच्याकडे पास होता, तो एकटाच गावात पोहोचायचा आणि म्हणेल तो भाव द्यायचा. शहरात गिऱ्हाईक जास्त पैसे मोजत होतं, गावात पाळणाऱ्याच्या हातात कमी पडत होते. मधली वाट जितकी अरुंद, तितकं त्या वाटेवर उभं राहणाऱ्याचं फावतं.

अम्माचं दुखणं आणखी वेगळं. तिच्या बकऱ्यांचं दूध दोन-तीन घरांत लहान मुलांसाठी आणि आजारी माणसांसाठी जायचं, उरलेलं चहाच्या टपऱ्यांवर. टपऱ्या बंद झाल्या. घरांनी बाहेरच्या माणसाकडून दूध घेणं थांबवलं. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी आडवे बांबू बांधले, तेव्हा तिचा चराईचा रस्ताही गेला. वस्तीतल्या दोन खोल्यांत आठ बकऱ्या बांधलेल्या, आणि पाला आणायला बाहेर पडावं तर पोलिसांचा दंडुका. बांबूच्या पलीकडून ती मला म्हणाली, "जिज्जी, आदमी को तो राशन मिल रहा है, बकरी को कौन देगा?"

रेशन मिळत होतं, हे खरं होतं आणि महत्त्वाचंही. एप्रिलपासून माणशी पाच किलो धान्य मोफत सुरू झालं. जनधन खातं असलेल्या बायकांच्या खात्यात एप्रिल, मे आणि जून असे तीन महिने ५०० रुपये आले. रक्कम छोटी, पण तिने एक काम केलं: पोटासाठी बकरी विकावी लागली नाही. अम्माने ते पैसे काढून भुसा घेतला. म्हणजे माणसाच्या मदतीवर बकऱ्याही जगल्या. आमच्या घरातून आम्ही भाज्यांची देठं, मटारची सालं, कलिंगडाच्या पाठी गोळा करून बांबूवर टांगायचो. पुढे आणखी चार घरांनी तेच सुरू केलं.

ईदचं गणित

अम्माचा भाऊ घाटीगावच्या बाजूला राहतो. त्याच्याकडे मोठा कळप, आणि त्याचा खरा धंदा ईदच्या बोकडांचा. कुर्बानीचा बोकड एक वर्षाचा तरी असावा लागतो, धष्टपुष्ट, अव्यंग. त्यामुळे हा धंदा करणारा वर्ष-दीड वर्ष आधी करडू निवडतो, त्याला बांधून चारतो, हरभरा-मका घालतो, अंगाला हात फिरवून वाढवतो. सबंध वर्षाची कमाई ईदच्या आधीच्या तीन आठवड्यांत हातात येते. आपल्याकडचे बोकड आग्र्याला, भोपाळला जातात, आणि मुंबईच्या देवनारलाही. देवनारच्या बाजारात ईदच्या आधी राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशातून लाखाहून अधिक जनावरं येत असत.

२०२० साली बकरी ईद १ ऑगस्टला होती. महाराष्ट्र सरकारने जुलैमध्ये सूचना काढली, की जनावरांचे बाजार भरणार नाहीत, खरेदी फोनवरून किंवा ऑनलाइन करावी आणि शक्य तर कुर्बानी प्रतीकात्मक ठेवावी. भोपाळमध्ये २४ जुलैच्या रात्रीपासून दहा दिवसांची टाळेबंदी लागली, तिच्यात ईदही आली आणि ३ ऑगस्टची राखीही. रोगाचा फैलाव पाहता या निर्णयांना कारण होतं, याबद्दल माझा वाद नाही. पण ज्याची वर्षाची ठेव त्याच तारखेला पिकणार होती, त्याचं काय झालं ते सांगते.

अम्माच्या भावाकडे त्या वर्षी बावीस बोकड तयार होते. नेहमीचा व्यापारी आला नाही. एका स्थानिक माणसाने नऊ बोकड नेले, नेहमीच्या जवळजवळ निम्म्या भावात. उरलेल्या तेरांपैकी काही त्याने पुढच्या महिन्यांत खाटकाला सुटे विकले, आणि चार पुढच्या ईदसाठी ठेवले. तो ते चार बोकड का ठेवतोय, असं मी विचारलं, तेव्हा त्याने मला बोटांवर हिशेब सांगितला. पुढची ईद २१ जुलै २०२१ ला, म्हणजे ३५४ दिवसांनी. एका बोकडाला रोज तीस रुपयांचं खाणं. ३५४ गुणिले ३० म्हणजे १०,६२० रुपये. आणि वर्षभराने त्या बोकडाचा भाव वाढून वाढणार किती? फार तर सहा-सात हजार. "म्हणजे ठेवला तरी तोटा, विकला तरी तोटा," तो म्हणाला. "ठेवलाय तो भाव निम्म्याच्याही खाली जाऊ नये म्हणून."

बँकेत आम्ही कर्जाच्या प्रकरणात बकरी किती दूध देईल, किती करडं देईल, किती मरतील याचे आकडे भरत असू. विक्रीचा दिवसच आला नाही तर काय, असा रकाना त्या फॉर्ममध्ये नव्हता. त्या काळात रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना सवलत दिली: आधी मार्च ते मे, मग ऑगस्टअखेरपर्यंत. पण ती सवलत हप्ता पुढे ढकलण्याची होती, व्याज चालूच राहिलं. आणि अम्माच्या भावासारख्यांचं बरंचसं कर्ज गावातल्या सावकाराचं. त्याला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक लागू नव्हतं.

ही गोष्ट फक्त घाटीगावची नव्हती. सोमालियामधून समुद्रमार्गे लाखो शेळ्या-मेंढ्या दरवर्षी हजच्या मोसमात सौदी अरेबियाला जातात. त्या देशाच्या कमाईचा तो मोठा आधार. २०१९ साली हजला सुमारे २५ लाख यात्रेकरू होते. २०२० साली बाहेरच्या देशांतून कुणालाच येऊ दिलं नाही, सौदीत राहणाऱ्या मोजक्याच लोकांना परवानगी मिळाली. तिकडच्या धनगरानेही आपल्या कळपाकडे बघत हाच हिशेब केला असणार.

चालणारे कळप

घरी बांधून शेळ्या पाळणाऱ्यांपेक्षा कळपासोबत चालणाऱ्यांचे हाल अधिक झाले. राजस्थानातले रायका-रेबारी लोक उंट आणि मेंढ्यांचे मोठे कळप घेऊन दरवर्षी मध्य प्रदेशात येतात. लाल पागोटी, पांढरा अंगरखा, उंटावर खाटा आणि करडं लादलेली, असे तांडे श्योपूर-शिवपुरीच्या रस्त्याने जाताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. टाळेबंदी लागली तेव्हा त्यांतले कितीतरी परमुलखात होते. गावांनी वेशीवर अडथळे घातले होते. परका माणूस म्हणजे रोग, असं त्या दिवसांत समीकरणच झालं होतं. पाणी विहिरीवर, विहीर गावात, आणि गावात जायला मनाई.

महाराष्ट्रातल्या धनगरांचं चक्र असंच. दिवाळीनंतर देशावरचे वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या आधी वर येतात. वाडा म्हणजे इथे घर नव्हे, एकत्र चालणाऱ्या कुटुंबांचा जथा. दख्खनी मेंढीला कोकणचा पाऊस सोसत नाही, खूर सडतात, म्हणून मृगाच्या आधी घाट चढणं अटळ. वाटेत शेतकरी रात्रभर मेंढरं आपल्या शेतात बसवून घेतो. वाघूर लावून, म्हणजे जाळ्याचं कुंपण घालून, कळप बसवायचा. लेंडीखत शेताला, आणि मोबदल्यात धनगराला धान्य किंवा रोख पैसे. हा जुना आणि दोघांच्याही सोयीचा व्यवहार. २०२० च्या उन्हाळ्यात गावांनी वाडे थांबवून घेतले नाहीत, आणि ही रोजची मिळकतच तुटली. दुकानं बंद, म्हणून मीठ-मिरची नाही. मेंढरू विकावं तर व्यापारी नाही.

लोकरीचं तर विचारूच नका. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, घोंगडीच्या कामाची. तिला भाव आधीच नव्हता. त्यात कातरणी करणारे कारागीर गावोगाव फिरतात, त्यांचं फिरणं बंद झालं. लोकर वेळेवर कातरली नाही तर मेंढीला उन्हाळा सोसत नाही, अंगावर गोचिड्या वाढतात. गंमत म्हणजे श्रीमंत देशांतही हेच घडलं. इंग्लंडमध्ये दर उन्हाळ्यात न्यूझीलंडहून कातरणी करणारे येतात, ते त्या वर्षी येऊ शकले नाहीत. गालिचे आणि कापडाचे कारखाने थंडावल्याने लोकरीचा भाव इतका उतरला, की काही शेतकऱ्यांनी लोकर बाजारात नेण्याऐवजी खताच्या खड्ड्यात टाकली. फरक इतकाच, की तिथल्या शेतकऱ्याचं घर बांधलेलं असतं आणि आपल्या धनगराचं घोड्यावर.

दुसरी लाट घरावर आली

२०२० च्या दिवाळीपर्यंत बाजार हळूहळू सुरू झाले. गंमत अशी, की या धंद्याने मान वरही लवकर काढली. शहरांतून गावी परतलेल्या अनेकांनी हातातल्या पैशांतून पहिली वस्तू घेतली ती बकरी. पाटींना आणि गाभण बकऱ्यांना मागणी आली. अम्माने दोन पाटी बऱ्या भावात विकल्या आणि नातीला स्मार्टफोन घेतला. शाळा बंद होत्या, सरकारी शाळांचे धडे व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येत होते, आणि घरातला एकमेव साधा फोन त्याला पुरत नव्हता. मुलीच्या आठवीच्या वर्षाची किंमत दोन बकऱ्या, असा तो सौदा. मला तो महाग वाटला नाही.

मग एप्रिल २०२१ आला. पहिल्या लाटेत रोग शहरात होता आणि बंदी गावात. दुसऱ्या लाटेत रोगच गावात शिरला. अम्माचा भाऊ आजारी पडला. खाजगी दवाखाना, सीटी स्कॅन, ऑक्सिजनची धावपळ. या वेळी हाट पुन्हा बंद, पण थांबायला वेळ नव्हता. पहिल्या वर्षी त्याने बोकड विकले होते. या वेळी दुधाळ बकऱ्या गेल्या. हा फरक समजून घेण्यासारखा आहे. बोकड विकणं म्हणजे ठेवीचं व्याज काढणं, आणि माद्या विकणं म्हणजे मुद्दल मोडणं. चाळीसच्या कळपातल्या अठ्ठावीस बकऱ्या दीड महिन्यात गेल्या. माणूस वाचला, ही देवाची कृपा. २१ जुलैची ईद आली तेव्हा ते ठेवलेले चार बोकड चांगल्या भावात गेले. पण ते पैसे सावकाराकडे गेले. उरलेल्या बारा माद्यांपासून कळप पुन्हा चाळीसवर यायला किती काळ लागतो, असं मी विचारलं. तो म्हणाला, सगळं सुरळीत झालं तर तीन वर्षं, पण या धंद्यात सगळं सुरळीत कधी होतं?

त्याच्या बोलण्याचा रोख आणखी एका गोष्टीकडे होता. पावसाच्या आधी शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची लस टोचायची असते, कारण पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत हावरटासारखं खाल्लं की हा रोग होतो आणि धडधाकट जनावर काही तासांत मरतं. २०२० साली त्याच्या गावात लसीकरणाचं शिबिर झालंच नाही. त्या पावसाळ्यात त्याची पाच करडं गेली. माणसांच्या मरणाच्या त्या वर्षात पाच करडांची नोंद कोण ठेवणार?

शेळ्यांचीही एक महामारी

माणसांच्या महामारीबद्दल बोलताना शेळ्या-मेंढ्यांच्या महामारीबद्दलही सांगायला हवं. पीपीआर नावाचा विषाणूजन्य रोग आहे, त्याला शेळ्यांचा प्लेगही म्हणतात. तो प्रथम १९४२ साली आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये ओळखला गेला आणि भारतात १९८७ साली तमिळनाडूत आढळला. ताप, नाका-डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, जुलाब, आणि नवीन कळपात शिरला तर निम्म्याहून अधिक जनावरं जाऊ शकतात.

यावर चांगली लस आहे आणि ती आपल्याच देशात, भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रात तयार झाली. एकदा टोचली की निदान तीन वर्षं संरक्षण, आणि खर्च काही रुपयांचा. गुरांचा बुळकांडी हा याच विषाणूचा जवळचा भाऊ. तो २०११ साली जगातून कायमचा गेला. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून हद्दपार केलेला तो दुसराच रोग. पीपीआरही २०३० पर्यंत संपवायचं उद्दिष्ट जगाने ठरवलं आहे. करोनाच्या लसीसाठी आपण सगळे रांगेत उभे राहिलो, प्रमाणपत्र फोनमध्ये जपून ठेवलं. बकरीला लसीच्या रांगेत आणणारं कुणीतरी लागतं, आणि ज्या वर्षी सगळी यंत्रणा माणसांमागे धावते, त्या वर्षी ते कुणीतरी नसतं.

तरले कोण?

या दोन वर्षांत तरले कोण, हे मी माझ्या परीने पाहत आले. ज्यांच्याकडे जास्त बकऱ्या होत्या ते तरले, असं नाही. अम्माच्या भावाकडे अम्माच्या पाचपट बकऱ्या होत्या, पण त्याचं एकच गिऱ्हाईक आणि एकच दिवस. अम्माकडे दूध होतं, पाटी होत्या, आणि चार घरं ओळखीची होती. महाराष्ट्रात काही तरुणांनी बोकडाचा व्हिडिओ काढून, काट्यावर त्याचं वजन दाखवून, जिवंत वजनाच्या किलोच्या भावाने थेट घरपोच विक्री केली. त्यांचं बरं चाललं. ज्याला विकण्याचे दोन-तीन रस्ते होते, तो वाचला.

गेली चाळीस वर्षं आपल्या बहुतेक योजना बकरी घ्यायला मदत करतात. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पापासून किसान क्रेडिट कार्डही पशुपालकांना मिळू लागलं. २०२१ पासून राष्ट्रीय पशुधन अभियानात मोठ्या शेळी-मेंढी प्रकल्पांना निम्मं अनुदान आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण विकायच्या जागेकडे कुणाचं लक्ष नाही. भाव आजही नगावर, नजरेने ठरतो. व्यापारी कंबरेवर हात दाबतो आणि आकडा सांगतो; तो बरोबर की चूक, हे पाळणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

आपल्या ग्वाल्हेरच्या जुन्या लोकांना ही गोष्ट कळली होती. आज ज्या मेळ्यात आपण झोपाळ्यात बसतो, सॉफ्टी खातो आणि मोटारी विकत घेतो, तो माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केला तो पशुमेळा म्हणून. जनावर पाळणाऱ्याला आधी बाजार लागतो, हे त्यामागचं साधं व्यवहारज्ञान. शिवाय इथून जवळच, यमुना आणि चंबळच्या बेहडांमध्ये, चकरनगरच्या बाजूला जमनापारी शेळीचं मूळ घर आहे. इंग्रजांनी तिला नेऊन आपली अँग्लो-न्यूबियन जात घडवली, इंडोनेशियात तिला आजही 'एटावा' म्हणतात. फरहजवळच्या मखदूमला केंद्र सरकारची शेळी संशोधन संस्था १९७९ पासून आहे, ग्वाल्हेरपासून काही तासांच्या अंतरावर. चांगली जात, ज्ञान, पाळणारे हात, सगळं इथे आहे.

आपल्या मंडळातले कितीतरी सभासद बँकांत, शेती विद्यापीठात, पशुचिकित्सा खात्यात होते किंवा आहेत. त्यांच्यापुढे मला एक लहानशी गोष्ट मांडायची आहे. जनावर तोलायचा टांगता काटा काही फार महाग नसतो. एका वस्तीत, एका हाटात असा एक काटा असला, आणि त्या आठवड्याचा किलोचा भाव खडूने फळीवर लिहिला, तर नजरेने भाव ठरवण्याचं राज्य निम्मं संपेल. पावसाच्या आधी एका रविवारी लस टोचणारा डॉक्टर तिथे आणता आला, तर पाच करडं वाचतील. हे मी अम्माच्या भावाला बोलून दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "काटा आणा, टांगायला निंबाचं झाड माझ्या दारात आहे." ज्यांना यात हात लावायचा असेल, त्यांनी मंडळाच्या कार्यालयात माझ्यासाठी निरोप ठेवावा. मे महिन्याच्या आत ठरलं तर फार बरं, कारण त्यानंतर पाऊस आला की कोवळं गवत थांबत नाही.